मागून येणारा वारा

असं समजा, छत उघडलेल्या एका छोट्या गाडीत तुम्ही बसला आहात आणि आतला वारा तुम्हाला शांत करायचा आहे. गाडी दोघांपुरतीच. समोर काच, दोन्ही दारांच्या काचा वर चढवलेल्या, डोक्यावर आकाश. तुम्हाला वाटेल, वारा समोरून येतोय. पुढची काच थोडी उंच केली की काम झालं. तसं करू नका. आधी लोकरीचे बोटभर तुकडे कापा आणि चिकटपट्टीनं आत जागोजागी लावा. डोकं टेकायच्या उशीवर, दारांच्या कडेला, दोन आसनांमधल्या फटीत. मग गाडी समुद्राकाठच्या रस्त्याला काढा आणि लोकरीकडे बघा. सगळी टोकं पुढे, तुमच्या तोंडाकडे वळलेली दिसतील. समोरचा वारा काचेवरून उडी मारून डोक्यावरून निघून जातो, पाठीमागे खाली पडतो, आणि तिथून उलटा फिरून तुमच्या मानेवर येतो. छळणारा वारा मागून येतो.

ओरिता सादाहारूला हे कळलं तेव्हा तो चौसष्ट वर्षांचा होता आणि त्याची बायको घर सोडून गेल्यानंतरचा दुसरा हिवाळा चालू होता.

घर सोडून गेली, असं तो म्हणत नसे. त्याच्या मते फुसाए थोरल्या बहिणीकडे लिंबं तोडायला गेली होती. ते खोटंही नव्हतं. कुरे शहरातून बाहेर पडलं की बेटांना जोडणारे पूल एकामागून एक लागतात. चौथ्या पुलापलीकडच्या बेटावर फुसाएची बहीण मिनेयो उतारावरच्या लिंबाच्या बागेत एकटी राहायची. तिचे गुडघे कामातून गेले तेव्हा फुसाए चार कपडे पिशवीत भरून मदतीला गेली. लिंबं झाली, मागून उशिराची संत्री आली, तीही झाली. वसंतात सादाहारूनं फोन केला.

“घ्यायला येऊ का?”

“त्या गाडीतून नको बाई,” फुसाए म्हणाली. “डोकं भणभणतं माझं त्या गाडीत. केस सगळे तोंडात. आणि तुमचं मला ऐकू येत नाही, माझं तुम्हाला.”

“म्हणजे वाऱ्याचा त्रास होतो?”

पलीकडे एक पेटी सरकवल्याचा आवाज आला.

“हो,” ती म्हणाली. “वाऱ्याचाच म्हणा.”

सादाहारूनं फोन ठेवला आणि पुष्कळ दिवसांनी त्याला बरं वाटलं. आयुष्यभर त्यानं पाट्या केल्या होत्या. दुकानांच्या पाट्या, घड्याळवाल्यांच्या काचपेट्या, मासळीवाल्यांचे भावफलक. गिऱ्हाईक नुसतंच ‘काहीतरी बरोबर वाटत नाही’ म्हणालं की तो गोंधळायचा. पण ‘डावीकडचं अक्षर अंधारात दिसत नाही’ म्हणालं की त्याच्या हातांना लगेच काम सुचायचं. फुसाएनं तक्रार सांगितली होती. तक्रार आहे म्हणजे इलाज आहे. वारा थांबला की फुसाए गाडीत बसेल, आणि गाडीत बसली की घरी येईल, इतका सरळ हिशोब त्यानं मनाशी मांडला.

गाडी त्यानं पंचेचाळिशीत घेतली होती, दुसऱ्या हाताची, गर्द हिरवी. मूलबाळ नव्हतं, चार चाकांवर दोनच आसनं असली तरी अडत नव्हतं. दर रविवारी दोघं पुलांवरून बेटांकडे जायची. पिशवीत भाताचे मुटके आणि थर्मासमध्ये चहा. आठवडाभर घरात न झालेलं बोलणं गाडीत होतं, असं त्याला वाटायचं. बोलायचा तोच. हा पूल कसा टांगलाय, त्या पुलाच्या कमानीला रंग द्यायला माणसं कशी चढतात. फुसाए हातातली पिशवी मांडीवर धरून ऐकायची. आणि तिसऱ्या पुलाच्या अलीकडे, जिथं रस्ता एका मोडक्या धक्क्याला वळसा घालून एकदम समुद्राच्या बाजूला झुकतो, तिथं ती त्याच्याकडे तोंड वळवून काहीतरी म्हणायची. तिथंच, दर वेळी. वाऱ्यात त्याला एक अक्षर कळायचं नाही. तो मान डोलवायचा. ती हसायची आणि पुन्हा समोर बघायची.

तर त्यानं काम सुरू केलं. दुकान बंद केलं असलं तरी मागच्या पडवीत अ‍ॅक्रिलिकचे तुकडे होते, ते वाकवायची तापती तार होती. आसनांच्या पाठीमागे त्यानं एक आरपार दिसणारी उभी पट्टी बसवली. पहिली पट्टी आखूड निघाली. दुसरी उंच केली, तर वारा वरून यायचा थांबला आणि दोन्ही कडांनी घुसायला लागला. कडा बंद केल्या, तर वेग वाढला की कानांत ढोल वाजल्यासारखं घुमायचं. वाऱ्याला सगळीकडून कोंडलं की तो असा गुरगुरतो. काही दिवस डोकं खाजवल्यावर त्याला उमगलं, की वारा पुरता अडवायचाच नाही. थोडा आत येऊ द्यायचा, पण चाळून. त्यानं पट्टीला बारीक भोकं पाडायला घेतली.

लोकर त्याच्याकडे होती. कपाटात फुसाएचा अर्धा विणलेला स्वेटर आणि त्याला लोंबणारा तांबडा गुंडा तसाच पडला होता. स्वेटरला त्यानं हात लावला नाही. गुंड्यातनं लागेल तेवढी तोडत राहिला.

अडचण होती ती शेजारच्या आसनाची. रिकाम्या आसनावरून वारा वेगळा वाहतो, माणूस बसलेलं असलं की वेगळा. बाजारपेठेतलं एक कपड्यांचं दुकान बंद होत होतं. त्याची पाटी एके काळी सादाहारूनंच केली होती. तिथून त्यानं बायकी पुतळ्याचं डोक्यासकट धड मागून आणलं. खाली तांदळाची गोणी, वर धड, डोक्यावर केसांचा टोप, गालांना आणि मानेला लोकरीचे तुकडे, आणि वरून पट्टा. पट्टा लावला नाही तर गाडी किणकिण करत बसायची. पहिल्या पुलाच्या टोलनाक्यावरच्या बाईनं त्या पुतळ्यालाही कमरेत वाकून ‘सांभाळून जा’ म्हटलं.

उघड्या गाडीवाल्यांची एक रीत आहे. समोरून छत उघडं असलेली तसलीच गाडी आली की दोघांनीही हात वर करायचा. ओळख असो वा नसो, पारा शून्याला टेकलेला असो. फुसाए गेल्यापासून सादाहारूचे किती दिवस असे गेले, की दिवसभरात त्याच्याकडे बघून हात वर करणारी ती एवढीच माणसं. आता ती हात वर करून मान वळवून पुन्हा बघायची.

गोंदो तर पोट धरून हसला. गोंदो हा गोदीतला निवृत्त वेल्डर; त्याची गाडी लाल. रविवारी सकाळी पहिल्या पुलाखालच्या मोकळ्या जागेत असे पाच-सहा जण जमायचे, नाणं टाकायच्या यंत्रातून गरम कॉफीचे डबे काढून एकमेकांच्या गाड्यांना नावं ठेवायचे.

“अरे ओरिता! लग्न केलंस आणि साधं बोलावणंही नाही?”

“वजनासाठी आहे,” सादाहारू म्हणाला. “खाली तांदळाची गोणी आहे.”

“श्श! वहिनींसमोर वजनाचं काय काढतोस!” गोंदोनं टोपी काढून पुतळ्याला नमस्कार केला. “वहिनी, याच्याकडे लक्ष देऊ नका. पाट्या करणारा माणूस, बोलण्यात अक्षरं कमीच. तुमचाही स्वभाव शांतच दिसतो. छान जमेल तुमचं.”

बाकीचे हसले. सादाहारूही हसला. मग तो ताठ बसवलेल्या पुतळ्याची मान उशीला नीट टेकवू लागला, आणि गोंदोचं हसू हळूहळू उतरलं. तो दाराला टेकून उभा राहिला.

“हे सगळं फुसाए-सानसाठी?”

“तिला वाऱ्याचा त्रास होतो. म्हणून यायची थांबलीय.”

“अरे, पण बस जाते की तिथून.”

“म्हणजे?”

“म्हणजे, दिवसातनं चार-पाच बसगाड्या येतात त्या बेटावरून. छत असलेल्या.” गोंदोनं कॉफीचा घोट घेतला. “यायचं असतं तर...”

“बसमध्ये तिला मळमळतं,” सादाहारू म्हणाला आणि लोकरीचा एक तुकडा काढून पुन्हा त्याच जागी लावला.

गोंदोनं कॉफी संपवली. जाताना पुतळ्याच्या खांद्यावर थोपटून गेला.

फेब्रुवारीच्या एका स्वच्छ सकाळी ते जमलं. भोकं पाडलेली पट्टी, कडांना दोन छोटे पडदे, आसनांच्या मधली फट बंद. समुद्राकाठच्या सरळ रस्त्यावर त्यानं वेग वाढवला आणि शेजारी पाहिलं. पुतळ्याच्या गालावरची तांबडी लोकर सरळ खाली लोंबत होती, घरातल्या दिव्याच्या ओढायच्या दोरीसारखी. पायांशी हीटरची ऊब साठून राहिली होती. डोक्यावरून वारा जाताना ऐकू येत होता, पण दूर, शेजारच्या घरात कुणी नळ सोडावा तसा.

“ऐकू येतंय का?” त्यानं साध्या आवाजात विचारलं.

मग त्यानं इकडंतिकडं पाहिलं. रस्त्यावर कुणी नव्हतं. समोरून एक उघडी गाडी येतेय का, म्हणून तो पुढचा सगळा रस्ता बघत राहिला. आली नाही.

घरी गेल्या गेल्या त्यानं फोन केला.

“वारा थांबवलाय,” तो म्हणाला. “एकदा बसून बघ.”

“कुठवर?”

“तिसऱ्या पुलापर्यंत. आणि परत.”

“परत आणून सोडाल ना?”

“सोडीन.”

मागून मिनेयोचा आवाज आला, “कोण आहे गं?” फुसाएनं फोनवर हात ठेवला असावा, कारण पुढचं बोलणं ऐकू आलं नाही. मग ती म्हणाली, “रविवारी या. जेवून या, इथं घाई असते.”

रविवारी त्यानं पुतळा काढून पडवीत ठेवला, आसन पुसलं, उशीवरची लोकर मात्र राहू दिली. तिला दाखवायची होती.

फुसाए बागेच्या पायऱ्यांवरून उतरून आली. अंगात बहिणीचं जाड जाकीट, डोक्याला रुमाल, हातात तीच पिशवी. उन्हानं काळवंडली होती आणि, त्याला मानावं लागलं, तब्येतीनं सुधारली होती. मागून मिनेयो काठी टेकत फाटकापर्यंत आली.

“ओरिता-सान, माझं माणूस जसंच्या तसं परत पाहिजे हं,” ती म्हणाली. “उद्या लिंबांच्या पेट्या जायच्यात.”

फुसाए बसली. पट्टा लावला. उशीवरच्या लोकरीकडे तिचं लक्ष गेलं.

“ही माझी.”

“एवढीशीच तोडली. स्वेटर आहे तसाच आहे.”

“उसवून टाका तो. गळा चुकला होता त्याचा,” ती म्हणाली, आणि पिशवी मांडीवर घेऊन बसली.

गाव मागे पडलं, चौथा पूल ओलांडून गाडी मोकळ्या रस्त्याला लागली. सादाहारूनं वेग वाढवला आणि शेजारी पाहिलं. उशीवरची लोकर निपचित होती, पण फुसाएच्या कपाळावरचे केस, रुमालातून सुटलेले, तोंडावर फडफडत होते. ती पाठ टेकून बसलीच नव्हती. पुढे वाकून, जवळजवळ समोरच्या काचेपर्यंत, पिशवीवर कोपरं ठेवून, त्याच्याकडे अर्धी वळून बसली होती. तो उंच, पुतळाही उंच. त्यानं सगळं माप टेकून बसलेल्या माणसाचं घेतलं होतं.

रस्त्याच्या कडेला त्यानं गाडी थांबवली.

“मागे टेकून बस ना.”

“या गाडीत मी कधीच टेकून बसले नाही.”

“कधीच?”

“टेकलं तर तुमचं बोलणं ऐकू यायचं नाही. असं काचेच्या आडोशाला आलं की निदान निम्मं कळायचं.” ती जे आहे ते सांगितल्यासारखं म्हणाली. “पूल, पूल, रंग, पूल. पाठ धरायची माझी संध्याकाळी.”

सादाहारूनं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. इतकी वर्षं ती अशी पुढे वाकायची, ती समुद्र बघायला, असं तो धरून चालला होता.

“आता टेक,” तो म्हणाला. “आता येईल ऐकू.”

फुसाएनं जपून पाठ टेकली, नव्या घरातल्या खुर्चीवर टेकतात तशी. गाडी निघाली. तिचे केस खाली बसले. रुमालाची गाठ तिनं सैल केली. चाकांचा आवाज येत होता, खालच्या खडकांवर लाट फुटल्याचा येत होता, त्याच्या घशातली खरखरही येत होती.

“येतंय ऐकू?”

“येतंय की. छान केलंय.”

“मग बोल.”

“काय बोलू?”

पुलाबद्दल काही सांगावं तर सगळं सांगून झालेलं. तिनं लिंबांना यंदा खवले किडीनं छळल्याचं सांगितलं, मिनेयोच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन ठरल्याचं सांगितलं, आणि मग तीही थांबली. एवढी शांत गाडी त्यानं आयुष्यात चालवली नव्हती. समोरून एक पांढरी उघडी गाडी आली. पलीकडच्यानं हात वर केला. सादाहारूनं केला. फुसाएनंही केला, पूर्वीसारखाच, पिशवी न सोडता. तेवढ्यात तिच्या तोंडावर जुनं हसू येऊन गेलं.

तिसरा पूल ओलांडला. पलीकडे उतरलं की मोडका धक्का, मग दुसरा पूल, पहिला, मग कुरे, मग घर. मोडक्या धक्क्याच्या वळणाशी आल्यावर त्याचा पाय आपोआप सैल पडला.

“इथं तू काहीतरी म्हणायचीस,” तो म्हणाला. “दर रविवारी.”

“विचारायचे.”

“काय विचारायचीस?”

“तुम्ही हो म्हणायचात.” ती समुद्राकडे बघत होती. “दर वेळी. एकदाही नाही म्हणाला नाहीत.”

“अगं, पण मला ऐकू यायचं नाही!”

“माहीत होतं मला. म्हणून तर इथं विचारायचे. घरी विचारलं असतं तर तुम्ही ऐकलं असतंत.”

“आणि?”

“आणि विचार करून काहीतरी बोलला असतात.” ती थोडं हसली. “तुमच्या त्या हो-वर मी पुष्कळ वर्षं काढली.”

“कशाला हो म्हणायचो मी, फुसाए?”

फुसाएनं रुमालाची गाठ पुन्हा आवळली.

“इथून वळवा,” ती म्हणाली. “तिसऱ्या पुलापर्यंत म्हणाला होतात. आपण पुढे आलो.”

त्यानं गाडी वळवली. परतीच्या वाटेवर ती शेवटपर्यंत टेकून बसली, डोळे मिटून. झोपली होती की नाही, ते त्याला कळलं नाही. फाटकाशी उतरताना तिनं उशीवरचा लोकरीचा एक तुकडा सुटलेला पाहिला आणि अंगठ्यानं चिकटपट्टी नीट दाबली. मग पिशवीतून लिंबं काढून आसनावर ठेवली. “एवढी गाडी हाकलीत, पाण्यात पिळून घ्या,” म्हणाली, आणि पायऱ्या चढून गेली. दार लागेपर्यंत तो थांबला. पेट्यांवर पेट्या ठेवल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

पुढच्या रविवारी गोंदोनं विचारलं, “काय रे, काय म्हणाल्या वहिनी? खऱ्या?”

“शांत आहे म्हणाली गाडी.”

“मग?”

“मग काही नाही.”

गोंदोनं त्याच्यासाठी यंत्रातून कॉफीचा डबा काढला, स्वतःच उघडून त्याच्या हातात दिला. त्या दिवशी त्यानं कुणाच्याच गाडीला नावं ठेवली नाहीत.

सादाहारू आता त्या वळणाचा विचार करतो. वळण छोटं आहे. म्हणजे प्रश्नही छोटा असणार, दोन-तीन शब्दांचा. मुलाबद्दल असेल का? की साधंच काही, चहा घ्यायला थांबायचं का, एवढंच? पण चहाच्या हो-वर कुणी वर्षं काढत नाही. तिचे ओठ सुरुवातीला मिटायचे की उघडायचे, हे तो आठवून पाहतो. आठवतात ते केस, ओठांवर आलेले. गाडीत एकटाच बसून त्यानं एकेक प्रश्न मोठ्यानं म्हणूनही पाहिला. गाडी इतकी शांत, की प्रत्येक शब्द स्पष्ट ऐकू आला, आणि एकही तिचा वाटला नाही.

शेवटी त्यानं पट्टी काढली. स्क्रू डबीत ठेवले, पडदे गुंडाळले आणि पूर्वीसारखीच गाडी बेटांकडे काढली. वारा मागून आला, मानेवरून, कानांवरून, शेजारच्या आसनावरची तांबडी लोकर पुढे ओढत. मोडक्या धक्क्याच्या वळणावर त्यानं रिकाम्या आसनाकडे तोंड वळवलं, थोडं थांबला, आणि मान डोलवली.

हो, पण कशाला?